ओले रोज रडतो

परदेशी माणूस कसा सांभाळायचा, हे अख्ख्या नागपुरात फक्त एका माणसाला कळत होतं आणि तो माणूस म्हणजे मी! ही बढाई नाही. चौऱ्याहत्तर साली दिल्लीच्या हातमाग प्रदर्शनात आमच्या विणकर सोसायटीच्या स्टॉलवर मी चार दिवस उभा होतो. त्या चार दिवसांत सतरा परदेशी माणसं मी अगदी हाताच्या अंतरावरून पाहिली, त्यांतल्या दोघांशी बोललो आणि एकीने तर मला 'थँक्यू' म्हटलं! आता तुम्हीच सांगा, आमच्या तांडापेठेत एवढा अनुभव कुणाला होता? तिथल्या लोकांनी परदेश म्हणून काही पाहिलं असेल तर ते रायपूर!

म्हणून अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत सोसायटीचे अध्यक्ष बाबनराव एक लांबट पाकीट घेऊन माझ्या टेबलापाशी आले, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. डेन्मार्क नावाच्या देशातल्या एका विणकाम शाळेचा विद्यार्थी तीन महिने काम शिकायला आमच्याकडे येणार होता. राहणार सोसायटीच्या कुणा माणसाच्या घरी. शेवटी त्याने आपल्या शाळेला अहवाल द्यायचा, आणि अहवाल चांगला गेला तर त्याच घरातल्या एकाला ती शाळा तीन महिने डेन्मार्कला बोलावणार. विमानाने!

हे शेवटचं वाक्य बाबनरावांनी हळू आवाजात वाचलं. बाजूच्या टेबलांवरच्या चार कारकुनांचे कान ससाण्यासारखे टवकारले. ससाण्याला कान असतात की नाही, मला माहीत नाही. पण त्यांचे टवकारले!

"पौनीकर, तुमच्याच्यानं होईन का हे?" बाबनरावांनी विचारलं.

"साहेब, पोराले माह्या घरी पाठवा. बाकी माह्यावर सोडा!"

(भावनेच्या भरात मी नागपुरी बोलतो. एरवी माझं मराठी शुद्ध आहे. बी.कॉम. आहे मी.)

त्या रात्री मी मनातल्या मनात कोटाचं माप देऊनसुद्धा आलो.

आता अडचण एकच होती, ती म्हणजे माझं घर. तीन खोल्या, आणि मधल्या खोलीत आमच्या वडिलांचा माग. धोंडबा पौनीकर, वय बासष्ट, जन्मभर लुगडी विणली. ज्यांनी खड्डामाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत कंबरभर खड्डा असतो. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो, वर धोटा इकडून तिकडे पळतो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात खटक-खटक, खटक-खटक चालू! त्या आवाजात मी हिशेबशास्त्र शिकलो. त्या आवाजात माझं लग्न ठरलं. सभ्य माणसाच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते, आमच्या घरात हे!

मी घरातल्यांना समोर बसवलं आणि जाहीर केलं, "तीन महिने माग बंद!"

"काहून?" वडील म्हणाले.

"विलायती माणसाला आवाज सहन होत नाही."

"पन तो माग शिकालेच येऊन राहिला नं?"

"तो सोसायटीत शिकेल. तिथं फायली आहेत, वार्षिक अहवाल आहेत, तक्ते आहेत!"

"हाव. कागदावर लुगडं विनन तो," वडील म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

अडाणी माणसाशी मी वाद घालत नाही. शेवटी असं ठरलं, की मी घरी असेन तेव्हा माग बंद आणि त्यावर माझ्या लग्नातली फुलाफुलांची चादर.

मग मी स्वयंपाकघराकडे वळलो. आम्ही सावजी. आमच्या रश्शाची तर्री पाहून परगावचे पाहुणे आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढतात. त्यात आमच्या प्रेमिलाचं माहेर भिवापूर! दर उन्हाळ्यात तिचे भाऊ मिरच्यांचं पोतं आणून टाकतात.

"प्रेमिला, पाहुणा आहे तोपर्यंत त्याच्या ताटात तिखट बंद!"

तिचा पाट्यावरचा हात थांबला. सावजी घरात तिखट बंद म्हणजे पोस्टात शिक्का बंद!

"मंग तो खाईन काय?"

"उकडलेले बटाटे. उकडलेली कोबी. उकडलेलं अंडं."

"अवो, आजारी हाय का तो?"

"आजारी नाही, सुधारलेला आहे! आणि रात्री त्याच्या सोबतीला मीही तेच खाणार. पाहुण्याला एकट्याला वेगळं वाढणं असभ्य दिसतं."

प्रेमिलाने माझ्याकडे असं पाहिलं, की बी.कॉम.ला मुलगी दिली म्हणून तिच्या बापाने गावभर पेढे वाटले होते, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

राहिला प्रश्न संडासाचा. परदेशी माणसाला उकिडवं बसता येत नाही, हे मी दिल्लीत ऐकलं होतं. मी सुताराकडून एक सागवानी खुर्ची करून घेतली आणि तिच्या बैठकीत मधोमध गोल भोक पाडून घेतलं. सुताराने तीनदा विचारलं, "पक्कं भोकच पाडाचं नं भाऊ?" मी तीनदा हो म्हणालो. काय खुर्ची झाली होती! कडा पॉलिश केलेल्या, हातांवर वेलबुट्टी. राजाने बसावं आणि लवकर उठू नये अशी!

फेब्रुवारीच्या दोन तारखेला पाहुणा आला. सव्वासहा फूट उंच, केस कापसासारखे आणि नाव ओले!

"ओले?" प्रेमिला दाराआडून म्हणाली. "मायबाई! वाळत घाला का यायले?"

"ते नाव आहे!"

"बापानं असं काहून ठेवलं? पान्यात झाला का तो?"

मी दार लावून घेतलं. शेजारच्या कौसल्याबाई मात्र तीन महिने रोज सकाळी दोरीवर कपडे टाकताना ओरडायच्या, "प्रेमिला वं, तुमचे ओले उठले का?" आणि अख्खी गल्ली फिदीफिदी हसायची. असे आमचे शेजारी!

मी ओलेला घर दाखवलं. खुर्ची परसात मांडून ठेवली होती, तिच्याकडे बोट करून मी नजर वळवली आणि नाजूक आवाजात म्हणालो, "ही तुमच्यासाठी. खास." ओलेने खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून भोकातून आरपार पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात जाऊन पाहतो, तर खुर्चीच्या भोकात आमचा पाण्याचा माठ बसवलेला! तंतोतंत! ना हलतो, ना डुलतो, आणि खालून वारा लागून पाणी कसं गार! ओले शेजारी उभा राहून स्वतःच्या हुशारीवर खूश आणि वडील तांब्या भरून घेत म्हणत होते, "रुपराव, तुह्या डोक्यातून पयल्यांदा कामाची गोष्ट निघाली गा!"

पाहुणा वडिलांसारखाच डबा घेऊन पहाटे नाल्याकडे जाऊ लागला होता. डेन्मार्कमध्ये तरी काय संस्कार करतात, कोण जाणे!

दिनक्रम मी टाइप करून भिंतीवर लावला. साडेदहा ते एक सोसायटीत माझ्या टेबलासमोर बसून सन एकसष्टपासूनचे वार्षिक अहवाल वाचणे. एक ते साडेपाच घरी विश्रांती. साडेपाचला मी घरी येणार, मग अर्धा तास सुसंस्कृत संभाषण. आठ वाजता बटाटे. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळायचं आणि माझं त्याला निम्मं, म्हणजे दोघांचं मिळून एक पूर्ण इंग्रजी होत होतं. मराठीही मी स्वतः शिकवलं, आणि तेही शुद्ध! 'नमस्कार महोदय. आपल्या आगमनाने मी उपकृत झालो.' हे वाक्य मी त्याच्याकडून दोनशे वेळा म्हणवून घेतलं.

महिन्याअखेरीस बाबनराव पाहणी करायला घरी आले. मी ओलेला डोळ्याने खुणावलं. ओले उभा राहिला, त्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "काहून गा बाबनराव! भल्ल्या दिवसानं आले! बसा नं बावा, च्या पेता का?"

बाबनराव खाली बसले. म्हणजे बसायचं ठरवून नाही, ते आपोआप बसले!

"पौनीकर, हे शिकोलं का तुमी?"

"साहेब, हे गल्लीतलं आहे! हे कौसल्याबाईचं आहे! मी तर 'उपकृत' शिकवलं होतं!"

"तुमी कायले शिकवता उपकृत? च्या तर सांगा!" बाबनराव म्हणाले. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. दुपारभर घरात असणारा माणूस गल्लीतलं बोलणं शिकतो कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी मोठ्या गोष्टींचा विचार करणारा माणूस. तेव्हा मी डेन्मार्कला कोणता मफलर न्यावा या विचारात होतो.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते सुरू झालं.

एका शनिवारी सोसायटी लवकर सुटली, मी तीन वाजता घरी आलो आणि पाहतो तर ओले पुढच्या खोलीत खाटेवर बसलेला. डोळे लाल. नाक टोमॅटोसारखं. गालांवरून पाणी ओघळतंय आणि तो खांद्यावरच्या पंचाने ते पुसतोय!

"ओले! काय झालं?"

"हॉट," ओले नाक ओढत म्हणाला. "व्हेरी हॉट."

नागपूरचा मार्च तो! मी पंख्याने वारा घातला. तो हसायचा प्रयत्न करत होता. बिचारा! मला वाईट वाटू नये म्हणून! मग त्याने छातीवर हात ठेवला आणि एक लांब वाक्य बोलला. त्यातले मला दोन शब्द कळले. एक 'होम' आणि दुसरा 'मिस'.

पोराला घराची आठवण येत होती!

मी पाळत ठेवली. बुधवारी तब्येतीचं कारण सांगून दुपारीच घरी आलो. पुन्हा तेच, डोळ्यांत पाणी! शुक्रवारी तर उचकीही लागली होती. तेवीस वर्षांचा घोडा, आईवाचून राहता येत नाही, आणि चालला जग बघायला! अशी पोरं आमच्याकडे बालवाडीतच घरी पाठवतात. पण या रडक्याच्या अहवालावर माझं विमान उभं होतं.

मी प्रेमिलाला विचारलं, "तो दुपारी रडतो का?"

तिने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी छताकडे पाहिलं.

"रडत नाई तो," प्रेमिला म्हणाली. "चांगला हाय."

यांना काय कळणार माणसाचं मन! मी थेट बाबनरावांकडे गेलो. बाबनरावांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"पौनीकर, पोट्ट्याले काही झालं तर? दुसऱ्या देशाचा मामला हाय! पेपरात येईन! सोसायटीची चौकशी लागन!"

"तार करू या साहेब. दिल्लीला त्या डेन्मार्कवाल्यांचं कार्यालय आहे."

तारेचा मजकूर मी लिहिला. तार म्हणजे मोजकं लिहिण्याची कला, आणि ती माझ्याकडे आहे. 'ओले रोज रडतो. हॉट. छाती धरतो. सल्ला द्यावा.' यात जास्तीचा एक शब्द काढून दाखवा!

सल्ला आला नाही. तिसऱ्या दिवशी उलट तार आली. 'श्रीमती ब्रून गुरुवारी जी.टी. एक्सप्रेसने पोहोचत आहेत. ओलेला परत नेण्याची तयारी ठेवा.'

परत नेण्याची! म्हणजे प्रशिक्षण अर्धवट, अहवाल खलास, डेन्मार्क खलास! बाबनराव म्हणाले, "पौनीकर, काहीही करा, पन ती बाई येईपर्यंत पोराले हसवा. नाई तर तुमच्याकडून ही नोकरी होत नाई असं मी समजन!"

माझ्या हातात रविवार ते बुधवार होते. रविवारी सकाळीच मी ओलेला सायकलरिक्षात घातलं. अंबाझरी तलाव दाखवला. ओले जांभई देत होता. महाराजबागेत वाघ दाखवला. वाघ जांभई देत होता, त्याला पाहून ओलेने आणखी एक दिली. सेमिनरी हिल्सच्या चढावर रिक्षावाल्याने आम्हाला खाली उतरून रिक्षा ढकलायला लावली, तेव्हा मात्र ओले जरा हसला. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात त्याने माझ्या हातातलं घड्याळ पाहिलं, बारा वाजून गेले होते, आणि तो एकदम कासावीस झाला.

"होम!" तो म्हणाला. "रुपरावजी, प्लीज! होम!"

"अजून सिनेमा आहे! इंग्रजी आहे!"

"नो सिनेमा! होम! होम!" आणि माझा हात धरून तो गदागदा हलवू लागला. सव्वासहा फुटी माणूस भरचौकात घरासाठी टाहो फोडतोय, लोक जमलेत, रिक्षावाला मला म्हणतोय, "काहून तरास देता साहेब त्याले? जाऊ द्या नं त्याच्या घरी!" मला स्वतःलाच रडू यायची वेळ आली. त्याला घरी आणून सोडलं आणि मी संध्याकाळपर्यंत बाबनरावांच्या ओट्यावर डोकं धरून बसलो.

गुरुवारची तयारी मात्र मी चोख केली. जी.टी. एक वाजताची, पण गाडी कधी वेळेवर येते का? मी घरी बजावून गेलो, "आम्ही पाच वाजता येऊ. तोवर ओलेला इस्त्रीचा सदरा घालून पुस्तक हातात देऊन बसवा. बटाटे उकडून ठेवा. मागावर चादर!" आणि लोकरीचा सूट घालून, हार घेऊन, बाबनरावांसोबत स्टेशनवर उभा राहिलो. मार्च महिना. लोकरीच्या आत मीच उकडत होतो.

आणि ती गाडी, आयुष्यात पहिल्यांदा, एक वाजून दोन मिनिटांनी आली!

ब्रूनबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, मास्तरणीच्या चेहऱ्याच्या. हातात कातडी बॅग, तिच्यातून औषधाच्या बाटल्यांची डोकी बाहेर. हार त्यांनी घातल्या घातल्या काढला.

"मुलगा कुठे आहे?"

"मॅडम, आधी सोसायटीचं कार्यालय..."

"मुलगा!"

सोसायटीची जीप तांडापेठेत शिरली आणि गल्लीच्या तोंडाशीच मला तो आवाज ऐकू आला. खटक-खटक! खटक-खटक! माझ्या घामाचं बर्फ झालं. मी पुढे पळणार, तोच बाई उडी मारून उतरल्या आणि उघड्या दारातून थेट मधल्या खोलीत!

त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या नजरेने पाहा. बाहेरचं डोळे दिपवणारं ऊन. आत अंधार. त्या अंधारात जमिनीतल्या खड्ड्यात कंबरेपर्यंत गेलेला त्यांचा ओले! अंगात फाटकी गंजी आणि माझी लुंगी, चारी बाजूंनी दोरेच दोरे, डोळ्यांतून धारा वाहताहेत, नाक लाल, आणि त्याच्या डोक्यावर उभा असलेला एक उघडाबंब म्हातारा हातातली लाकडी पट्टी नाचवत ओरडतोय, "मार! जोरानं मार! अजून मार! हात काहून कापून राहिला तुहा?"

बाईंनी अशी किंकाळी फोडली, की कौसल्याबाईच्या घरातलं तान्हं लेकरू उठलं. त्या धावल्या, ओलेच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्याला खड्ड्यातून उपसू लागल्या!

"अवं बाई!" वडील ओरडले. "सोड वं त्याले! ताना तुटून राहिला माहा!"

"पोलीस!" ब्रूनबाई ओरडल्या.

"पौनीकर!" बाबनराव ओरडले. "तुमच्या घरचा माग तर बंद होता नं?"

मी फुलाफुलांची चादर शोधत होतो.

ओले मात्र उलट मागाला घट्ट धरून बसला होता आणि त्यांच्या भाषेत बाईंना काहीतरी भराभर सांगत होता. सांगता सांगता तो हसू लागला. डोळ्यांतून पाणी चालूच, आणि हसतोय! त्याने स्वयंपाकघराकडे बोट केलं. वडिलांकडे केलं. विणलेल्या दीड हात कापडाकडे केलं. बाईंची पकड हळूहळू सैल झाली. त्यांनी खाली वाकून कापड चाचपलं, काठावरची नक्षी पाहिली, चष्मा लावून पुन्हा पाहिली. मग सरळ उभ्या राहून त्यांनी प्रेमिलाला हाताने खाण्याची खूण केली.

प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्वारीची भाकर आणि वाटीभर सावजी मटण बाईंपुढे ठेवलं, वर लालभडक तर्री तरंगतेय!

"मॅडम, नको!" मी पुढे झालो. पण पहिला घास गेला होता. बाई थांबल्या. त्यांचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल, मग ज्याला नाव नाही असा. डोळ्यांतून टपाटप पाणी. मग बाईंनी प्रेमिलापुढे हात केला, तिने दिलेल्या पंचाने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "हॉट. व्हेरी हॉट." आणि दुसरी भाकर मोडली!

तेव्हा मला सगळं कळलं. रोज दुपारी मी सोसायटीत तक्ते आखत असताना हा गडी आधी वडिलांसोबत जेवायचा, मग खड्ड्यात उतरायचा. 'मिस' म्हणाला होता तो, की परत गेल्यावर त्याला या घराची आठवण येईल. आणि रविवारी भरचौकात 'होम' म्हणून ओरडला ते डेन्मार्कसाठी नव्हतं, तांडापेठेसाठी होतं! घरी मटण शिजत होतं आणि मी त्याला वाघ दाखवत होतो!

"मला का नाही सांगितलं?" मी प्रेमिलाला विचारलं.

"तुमी इचारलं कधी? तुमी तर सांगूनच राहिले होते."

अजूनही काही वाचवता येईल या आशेने मी आत गेलो आणि बटाट्यांची बशी घेऊन आलो. "मॅडम, तुमच्यासाठी खास..."

ओलेने हळूच माझा हात धरला. बाईंकडे वळून तो इंग्रजीत बोलला. मला कळावं म्हणून मुद्दाम सावकाश आणि सोपं बोलला, म्हणून सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं!

"हे रुपरावजी. फार चांगले आहेत. त्यांना पोटाचा मोठा आजार आहे. रोज रात्री फक्त उकडलेले बटाटे खातात. घरातले सगळे वेगळं जेवतात, हे एकटेच. मला फार वाईट वाटलं. म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री मी त्यांच्यासोबत तेच खातो. मला अजिबात आवडत नाहीत, पण माणूस एकटा पडू नये."

बाबनरावांनी रुमाल तोंडाला लावला. रडायला नाही!

"यानं मले इचारलं होतं," प्रेमिला म्हणाली, "साहेबाले काय बिमारी हाय? मी म्हटलं, काय मालूम बाप्पा. आमाले सांगत नाई ते."

ब्रूनबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओलेसाठी आणलेल्या औषधाच्या दोन्ही बाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. जेवणाआधी एक चमचा, म्हणाल्या. मी घेतल्या. मी काय म्हणणार होतो? की दीड महिना हा माझ्यासाठी आणि मी याच्यासाठी, दोघंही न आवडणारे बटाटे गिळत होतो? आणि भिंतीपलीकडे माझी बायको आणि माझा बाप रस्सा भुरकत होते?

बाई एकट्याच परत गेल्या. ओले एप्रिलअखेर गेला. निघताना वडिलांच्या पाया पडला, प्रेमिलाच्या पाया पडला, कौसल्याबाईच्याही पडला. माझ्याशी त्याने हात मिळवला, जपून, आजारी माणसाशी मिळवतात तसा.

जूनमध्ये पत्र आलं. बाबनरावांनी ते सगळ्या सोसायटीसमोर मोठ्याने वाचलं. अहवाल उत्तम होता! श्री. धोंडबा पौनीकर यांच्याइतका चांगला शिक्षक आपण पाहिला नाही, असं ओलेने लिहिलं होतं, आणि शाळेने त्यांनाच तीन महिने बोलावलं होतं. खाली माझ्याविषयीही एक ओळ होती. 'त्यांचे चिरंजीव श्री. रुपराव हे अत्यंत प्रेमळ गृहस्थ आहेत. परंतु त्यांच्या नाजूक प्रकृतीला परदेशातील अन्न व हवामान मानवणार नाही, सबब त्यांचा विचार करू नये.'

मी बाबनरावांना म्हणालो, "साहेब, मी ठणठणीत आहे! डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतो!"

"आराम करा पौनीकर," ते म्हणाले. "जीव महत्त्वाचा."

वडिलांनी आधी साफ नाही म्हटलं. "मले नाई जा लागत. तिकडं बिडी भेटते का?" मग त्यांनी विचार केला, तिकडच्या पोरांना धड काठ विणता येत नाही म्हणतात, कुणीतरी शिकवायला पाहिजे. पासपोर्टचा फॉर्म मीच भरला. त्यात 'व्यवसाय' या रकान्यात 'विणकर' लिहिताना माझा हात थोडा अडखळला, एवढं प्रामाणिकपणे सांगतो. फार नाही. थोडा.

सप्टेंबरमध्ये त्यांना मुंबई मेलवर पोहोचवायला अख्खी तांडापेठ स्टेशनवर लोटली होती. ढोल होता, गुलाल होता. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बूट घातलेला माझा बाप गाडीच्या दारात उभा, गळ्यात इतके हार की चेहरा दिसेना! एका पेपरवाल्याने फोटो काढला. मी नेमका वडिलांच्या शेजारी उभा होतो, सूट घालून, त्यांची ट्रंक धरून, वर्तमानपत्रात शोभेल असं स्मित करून. दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर आला. फोटोखाली लिहिलं होतं, 'परदेशी निघालेले ज्येष्ठ विणकर श्री. धोंडबा पौनीकर. सोबत सूनबाई सौ. प्रेमिला, सोसायटीचे अध्यक्ष बाबनराव व शेजारी कौसल्याबाई.'

मला त्यांनी काठावर कापला होता. ते कात्रण मी जपून ठेवलंय. खात्री करायची असेल तर घरी येऊन बघा. उजव्या कडेला ट्रंक धरलेला जो हात दिसतो ना, तो माझा!